बस्ती गल्लीचा रस्ता आणि माझी सात पत्रं

२ फेब्रुवारी, सोमवार

आज वर्क ऑर्डर आली. बस्ती गल्ली, चौकापासून बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, दारापर्यंत, एकशे दहा मीटर, काँक्रीट. तीनदा वाचली. शिक्का किंचित तिरका पडलाय, बाकी बिनचूक आहे.

ही वही मुद्दाम सुरू करतोय. बेळगावातल्या आमच्या निवृत्त कर्मचारी मंडळानं एप्रिलच्या बैठकीत माझं व्याख्यान ठेवलंय, शहापुरातल्या हॉलमध्ये. विषय, ‘सार्वजनिक रस्ते यशस्वी कशाने होतात’. बांधकाम खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केली, हजारभर रस्ते माझ्या टेबलावरून गेले. त्यातला एकही होताना बघितला नाही हे खरं, पण रस्ता आधी कागदावर होतो आणि मग जमिनीवर. आता पहिल्यांदाच एक रस्ता माझ्या दारातून जाणार आहे. म्हटलं, रोजचं टिपून ठेवावं, व्याख्यानाला उपयोगी पडेल.

गल्लीनं रस्ता समिती केली आणि मला अध्यक्ष केलं, एकमतानं. घरी येऊन राजमतीला सांगितलं तर म्हणाली, “दुसरं कोण रिकामं हाय गल्लीत?” बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोनं केलेलं कौतुक मला अजून नीट ओळखता येत नाही.

आक्काचंही लिहून ठेवतो. राजाबाई, माझी थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, आमच्याजवळच असते. दोन वर्षांपूर्वी तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन घरभर फिरते, पण दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही, कारण गल्लीत माती कमी आणि दगड जास्त. बस्ती आमच्या दारापासून साठ पावलांवर. जन्मभर रोज दर्शनाला गेलेली बाई दोन वर्षं उंबऱ्यात उभी राहून शिखराला हात जोडते. खुर्चीत बसवून नेतो म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, “चौघांनी उचलायचं ते एकदाच. तवर मी माझ्या पायानं जानार.”

आज तिला ऑर्डर वाचून दाखवली. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “महावीर जयंतीला हुईल का रं चंद्रू?”

जयंती ३१ मार्चला आहे. म्हटलं, होईल आक्का, मी अध्यक्ष आहे. ती जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

९ फेब्रुवारी, सोमवार

जेसीबी आला. गल्ली खोदायला सुरुवात झाली. कंत्राटदार कधी दिसत नाही, त्याचा मिस्त्री भरमू सगळं बघतो. माणूस बरा वाटतो, फक्त कागद दाखवला की त्याला घाम येतो.

दुपारी राजमती आणि समोरची जयाबाई माझ्याकडे आल्या. जयाबाई म्हणाली, “अण्णा, नळाची पाईप आत्ताच टाकून घ्यायची. न्हायतर वरसाभरानं नवा रस्ता फोडाय लागंल.” मी शांतपणे समजावलं. पाईप हे पाणीपुरवठ्याचं काम, रस्त्याच्या एस्टिमेटमध्ये नाही, त्याला वेगळा अर्ज. दोघी “व्हय व्हय” म्हणून गेल्या. मी अर्जाचा मसुदा केला, दोनदा खोडला, तिसरा चांगला जमला.

संध्याकाळी बाहेर येऊन बघतो तर खड्ड्यात पाईप पडलेली आणि भरमू वरून माती ओढतोय. विचारलं, कुणाच्या आदेशानं? तर म्हणतो, “मावशींनी शेंगाच्या पोळ्या खायला घातल्या अण्णा. म्हटलं, पाईप हायेच गाडीत, टाकून द्यावी.”

काम चांगलं झालं हे मान्य. पण ती पाईप कुणाच्या सहीनं पडली याची नोंद कुठंच नाही, हे मला खटकतं. मसुदा फायलीला लावून ठेवलाय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

इंजिनिअरबाई आल्या. सौम्या त्यांचं नाव. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोर, चिकोडीहून स्कूटरवर येते, धुळीनं केस भुरे झालेले. माझ्याशी कन्नडमध्ये बोलली. माझं कन्नड कचेरीतलं असल्यामुळे तिला जरा जड गेलं असावं, दोनदा हसली.

म्हणाली, रस्ता ओतायला दोनच दिवस लागतात सर, खरं काम त्याच्यानंतर. काँक्रीटला पाणी पाहिजे. निदान चौदा दिवस, ऊन असलं तर एकवीस. वाळायला दिलं नाही तर दगड होतो, वाळलं तर पीठ होतं.

मी म्हटलं, बाई, पाणी मारणं ही कंत्राटदाराची जबाबदारी आहे, एस्टिमेटमध्ये तसं कलम आहे, आणि कलम काढून दाखवलं. तिनं वाचलं, “आयतु सर”, म्हणजे ठीक आहे, म्हणाली आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेली. राजमती, जयाबाई आणि ती, तिघी तासभर चहा पीत बसल्या. मोडक्या मराठीत काय बोलत होत्या देव जाणे. बायकांच्या गोष्टी. मधूनच आक्काचं हसणं ऐकू आलं.

व्याख्यानाचा पहिला मुद्दा लिहिला. जबाबदारी कुणाची हे कागदावर स्पष्ट असावं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

झाला. काल चौकापासून आमच्या दारापर्यंत आणि आज आमच्या दारापासून बस्तीपर्यंत. मिक्सरच्या आवाजानं दोन दिवस कानात दडे बसलेत. संध्याकाळी सगळी गल्ली दारात उभी राहून नुसती बघत होती. आक्का उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, “काचंगत दिसतंय रं.” मला भरून आलं, म्हणून आत जाऊन फाईल लावत बसलो.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

भरमूनं रस्त्यावर मातीचे छोटे बांध घालून पाणी भरून ठेवलं. गल्लीत भाताची खाचरं केल्यासारखं दिसतंय. तो उद्या लोंढा गावी दुसऱ्या कामावर जाणार. पाणी मारायला कंत्राटदार रोज माणूस पाठवणार म्हणाला. मी ते त्याच्याकडून लिहून घेतलं. सही करताना त्याला घाम आला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

माणूस आला नाही.

नऊ वाजता ऊन तापलं. बांधातलं पाणी आटत आलं. बघतो तर राजमती, जयाबाई आणि आणखी दहा-बारा बायका घागरी घेऊन रस्त्यावर. मी धावत बाहेर गेलो आणि थांबवलं. नीट समजावून सांगितलं. गल्लीनं एक घागर जरी ओतली तरी कंत्राटदार म्हणणार, पाणी गावानं मारलंय, उद्या भेग पडली तर ती गावाची. चौतीस वर्षांत अशी प्रकरणं मी डोळ्यांनी बघितलीत, निदान वाचलीत.

जयाबाई म्हणाली, “आणि तवर वाळला तर?”

म्हटलं, वाळला तर त्याला जबाबदार कंत्राटदार.

“जबाबदार त्यो. पर चालायचं आमी न्हवं?”

बायकांना कलम समजत नाही. मी पुठ्ठ्यावर लिहून बोर्ड लावला, ‘नव्या रस्त्यावर नागरिकांनी पाणी टाकू नये. हुकुमावरून, अध्यक्ष, रस्ता समिती.’ आणि आमच्या दारासमोरचा एक तुकडा, सांध्यापासून सांध्यापर्यंत दहा फूट, खडूनं आखून घेतला. त्याचा बांध फोडून पाणी काढून दिलं. पुरावा म्हणून. पाणी न मारल्यास काय होतं ते खात्याला दाखवता आलं पाहिजे.

राजमती दारात आली. “आक्काच्या दाराम्होरचं हाय ते. तेवढं तरी भिजवू द्या.”

मी म्हटलं, पुरावा हा पुरावा असतो. तिनं पदर खोचला, मला वाटलं आता वाद घालणार. पण म्हणाली, “बरं. मग पत्र तरी लिवा. आणि पोस्टानं नको, हातानं निऊन द्या. उनातनं जायाचं, टोपी घाला.”

पत्र क्रमांक एक लिहिलं आणि बाराच्या बसनं सदलग्यावरून चिकोडीला जाऊन देऊन आलो. पोचल्याचा शिक्का घेतला. परत यायला सहा वाजले.

२८ फेब्रुवारी, शनिवार

रस्ता ओला. साडेसहाला उठून दार उघडलं तर चौकापासून बस्तीपर्यंत चकचकीत ओला, बांधांत पाणी तुडुंब. फक्त माझा खडूचा तुकडा कोरडा. म्हणजे कंत्राटदाराचा माणूस पहाटे येऊन गेला आणि त्यानं माझी खूणही पाळली.

काल पत्र दिलं, आज काम. तेही चौथ्या शनिवारी, कचेरीला सुट्टी असताना. लोक उगाच खात्याला नावं ठेवतात. राजमतीला म्हटलं, बघितलंस, एका पत्रात. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “तुमचं अक्षरच तसं हाय.”

तिच्या खांद्यात कळ येतेय म्हणे. वय झालं.

४ मार्च, बुधवार

दोन गोष्टी. एक, सोमवारी दुसरं पत्र दिलं होतं की नुसतं पाणी पुरत नाही, वर गोणपाट घालावं. आज दुपारी झोपेतून उठून बघतो तर सगळा रस्ता बारदानानं झाकलेला आणि वर पाणी मारलेलं. बारदानावर निपाणीच्या तंबाखूचा शिक्का आहे, आणि योगायोग म्हणजे शिक्का राजमतीचा भाऊ गोमटेश याच्या गोडाऊनचा. कंत्राटदार नवं गोणपाट न घेता व्यापाऱ्याकडून जुनं घेतो, म्हणजे माणूस काटकसरी दिसतो. गल्लीला तंबाखूचा असा वास येतोय की आक्काला सारख्या शिंका.

दोन, माझी दोन मलमलीची उपरणी सापडत नाहीत. राजमती म्हणते, पाणी गाळायला घेतली. आमच्या घरात पाणी गाळूनच वापरतात, पण दोन दोन उपरणी लागावीत असं किती पाणी पितो आम्ही तिघं?

९ मार्च, सोमवार

आज पावणेपाचला जाग आली. अंगणात पावलं वाजत होती. खिडकीतून बघितलं तर राजमती, जयाबाई आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका, प्रत्येकीच्या कमरेला घागर. विचारलं, कुठं? राजमती जरा दचकली, मग म्हणाली, “बस्तीत. अभिषेकाला पाणी नको व्हय?”

इतक्या वर्षांत अभिषेकाला बारा घागरी पाणी लागलेलं मी बघितलं नव्हतं. पण भाव महत्त्वाचा. मी परत झोपलो. व्याख्यानात घालण्यासारखा मुद्दा मिळाला. चांगल्या रस्त्यामुळे लोकांची धर्मभावना वाढते.

आज पाचवं पत्र देऊन आलो. खरं तर आता तक्रार काहीच नव्हती, पण राजमती म्हणाली, आभाराचं तरी द्या. बसमध्ये पाठ धरली.

१२ मार्च, गुरुवार

काही नाही. ऊन.

मनात एक शंका येऊन गेली. कंत्राटदाराचा माणूस एकदाही दिसला कसा नाही? साडेसहाच्या आत येतो आणि मी झोपल्यावर दुपारी येतो. चिकोडीला गेलो की त्या दिवशी चार चार वेळा येतो असं रस्त्यावरून वाटतं. राजमतीला बोललो. म्हणाली, “लाजाळू असंल.”

१७ मार्च, मंगळवार

बांध काढले, बारदान गोळा झालं. एकवीस दिवस भरले. रस्ता निळसर-करडा दिसतोय, पाय आपटला तर खणखणीत लागतो.

माझ्या तुकड्याला केसाएवढ्या भेगा आहेत. मोजल्या, चौदा. वहीत आकृती काढली. पुरावा एवढा सुरेख तयार झालाय की जपून ठेवावासा वाटतो. नखानं खरवडलं तर पांढरी भुकटी आली. ती पुडीत बांधून फायलीला लावली.

आक्का अंगणात वॉकर घेऊन येरझाऱ्या घालते. मोजते. काल चाळीस पावलं, आज बावन्न. साठ लागतात.

२५ मार्च, बुधवार

आज जे झालं ते लिहायचं की नाही, विचार करतोय. पण वही खाजगी आहे.

सौम्याबाई तपासणीला आल्या. हातोडीसारखं यंत्र, टेकवलं की टक् करून आकडा दाखवतं. चौकापासून सुरुवात केली. बरोबर गल्लीतली सगळी माणसं. जागोजागी टेकवत आमच्या दारापर्यंत आल्या, प्रत्येक आकडा चांगला. दार ओलांडून बस्तीपर्यंत गेल्या, चांगला. मग माघारी येऊन माझ्या तुकड्यावर टेकवलं. पुन्हा टेकवलं. खिशातलं नाणं काढून घासलं, तर पीठ.

मी फाईल उघडून पुढे झालो. म्हटलं, हाच तो पुरावा. कंत्राटदारानं सुरुवातीला पाणी मारलं नाही, माझ्या पत्रानंतर मारलं, हा फरक बघा.

तिनं फाईल हलकेच मिटली. मग हळू आवाजात कन्नडमध्ये म्हणाली, सर, तुमची सातही पत्रं आवक-टेबलावर आहेत. काल मी बघितली. अजून कुणी फोडलेली नाहीत. कंत्राटदाराचा माणूस एक दिवससुद्धा आला नाही.

मी विचारलं, मग पाणी कुणी मारलं?

जयाबाई बस्तीच्या शिखराकडे बघू लागली. राजमतीनं पदर नीट केला. सगळी गल्ली, अगदी आडनावं न ठाऊक असलेल्या बायकांसकट, दुसरीकडे बघत होती. तेवढ्यात उंबऱ्यातून आक्का म्हणाली, “चंद्रू, मीच सांगितलं. गाळून मारा म्हटलं. तापल्या काँक्रीटवर बिनगाळलेलं पानी वतलं तर जीव मरत्यात.”

माझी उपरणी.

सौम्याबाई म्हणाल्या, सगळा रस्ता पास आहे. अध्यक्षांच्या दारासमोरचे दहा फूट फोडून पुन्हा करायला लागतील, आणि तोवर आजींचा वॉकर त्यावर नको, वरचा थर सुटतोय, घसरेल. कंत्राटदाराला विचारलं, तो एप्रिलच्या शेवटी येतो म्हणाला.

एप्रिलच्या शेवटी. जयंती सहा दिवसांवर.

मी आत आलो आणि खोलीचं दार लावून घेतलं. राग आला होता. मला खुळा समजून सगळ्या गल्लीनं महिनाभर नाटक केलं. राजमती दोनदा बोलवायला आली, “जेवून घ्या, दिवस मावळतोय.” मी दार उघडलं नाही. मग सूर्य मावळला. आमच्याकडे दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही, त्यामुळे आता लई भूक लागलीय आणि काही करता येत नाही.

२६ मार्च, गुरुवार

सकाळी आधी जेवलो. मग राजमतीला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, “सांगितलं असतं तर तुमी आमालाबी एक पत्र दिलं असतं.”

मी ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

“आणि तुमाला चिकोडीला जायला बरं वाटत हुतं,” असं ती पाठमोरी होऊन म्हणाली. “निवृत्त झाल्यापासनं एवढं खुश बघितलं न्हवतं.”

नंतर आक्काच्या खोलीत गेलो. तिनं जयंतीसाठी साडी काढून ठेवली होती, मी नोकरीत असताना आणलेली शहापुरी. मला बघून घडी परत पेटीत ठेवायला लागली. म्हणाली, “असू दे रं. पुढल्या वरसाला जाईन.” अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई पुढल्या वर्षाचं बोलते, तेही मला वाईट वाटू नये म्हणून. पुरावा म्हणून मी जो तुकडा वाळवला तो नेमका हिच्या पायाखालचा, हे मला महिनाभर समजू नये? राजमतीनं सांगितलं होतं. माझ्याच वहीत लिहिलंय, २७ तारखेला.

मी बाहेर येऊन कागद पुढे ओढला. राजमतीनं पेन काढून घेतलं. “पत्र न्हाय. भरमूला मी फोन करते.”

तिनं लोंढ्याला फोन केला. कलम नाही, तारीख नाही. “भरमू, आक्काला बस्तीत जायचं हाय रं,” एवढंच. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण ती म्हणाली, “ये. जेवायला आमच्यातच ये.”

२७ मार्च, शुक्रवार

भरमू पहाटेच्या गाडीनं आला, दोन माणसं घेऊन. दहापर्यंत माझा तुकडा फोडला. फोडताना फार त्रास पडला नाही, तेवढंच त्याचं कौतुक. बाजूचा तुकडा चुकून जरा ठोकला गेला तर घण उसळून परत आला. दुपारपर्यंत नवीन काँक्रीट ओतून झालं. सौम्याबाई रजा टाकून आल्या होत्या. म्हणाल्या, मंगळवारी माणूस चालेल, गाडी नको. पण पाणी पाहिजे सर.

मी म्हटलं, मी मारतो.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. जयाबाई म्हणाली, “हातानं निऊन मारनार न्हवं अण्णा, का पोस्टानं?” सगळी गल्ली हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार.

२९ मार्च, रविवार

पावणेपाचला उठतो. राजमतीनं दोन घागरी दिल्या. बस्तीच्या आडातून पाणी काढायचं, उपरण्यातून गाळायचं, उपरण्यात अडकलेले जीव आडात परत सोडायचे, मग आणून ओतायचं. पहिल्या दिवशी मी उंचावरून बदकन ओतलं तर जयाबाईनं घागर काढून घेतली. “पोराच्या टाळूवर तेल घालतासा तसं घालायचं.” आता तसं घालतो. दिवसातून सहा वेळा. वर बारदान, बारदानावर पाणी. दुपारची झोप बंद.

आज तिसऱ्या खेपेला खांद्यात कळ आली. राजमतीच्या खांद्यात त्याच ठिकाणी येते. तिनं एकशे दहा मीटर भिजवले, एकवीस दिवस. मी दहा फूट. तिचा खांदा मी चोळून दिला. ती म्हणाली, “ह्याचं पत्र नका लिवू कुनाला.”

व्याख्यानाचे मुद्दे आज वाचून बघितले. जबाबदारी, पत्रव्यवहार, पाठपुरावा, धर्मभावना. मंडळाला कळवावं का, की मला बरं नाही? की राजमतीलाच घेऊन जावं आणि तिला बोलायला सांगावं? ती म्हणेल, त्यात काय बोलायचं, पाणी मारायचं.

३० मार्च, सोमवार

रात्रभर धास्ती. उद्या पाय ठेवल्यावर भेग पडली तर? संध्याकाळी गुडघे टेकून नाण्यानं घासून बघितलं. भुकटी आली नाही. राजमती दारातून म्हणाली, “सोडा आता. सारखं खरवडून भोक पाडाल.”

३१ मार्च, मंगळवार

महावीर जयंती.

गल्ली सकाळी झाडून, धुऊन, रांगोळ्या काढून तयार. माझ्या तुकड्यावरचं बारदान मीच काढलं. पालखी निघायच्या आधी आक्काला नेऊ असं ठरलं होतं. सौम्याबाईही आल्या होत्या, आज साडी नेसून. आधी ओळखलंच नाही.

आक्का शहापुरी साडीत दारात आली. उंबरा ओलांडला, वॉकर खाली टेकवला, आणि माझ्या तुकड्याच्या कडेला थांबली.

“ह्यो तुझा न्हवं?”

“व्हय आक्का.”

तिनं वॉकर उचलून राजमतीच्या हातात दिला आणि माझ्याकडे हात पुढे केला. “मग हात दे. तुझ्या कामाचा काय भरवसा.”

बायका हसायला लागल्या. सौम्याबाई म्हणाल्या, “आजी, घट्ट हाय, मी बघितलं.” आक्का म्हणाली, “तू बघितलंस गं. पर पानी मारलंय ह्यानं.”

मी तिला सांगून बघितलं की माझ्या हातापेक्षा वॉकर पक्का आहे, चार पाय आहेत त्याला, आणि ऑपरेशन झाल्यापासून ती वॉकरशिवाय एक पाऊल चाललेली नाही. ऐकलं नाही. माझा हात घट्ट धरून एकेक पाऊल टाकत निघाली. दहा फुटाला किती वेळ लागला कुणास ठाऊक, मी खाली काँक्रीटकडेच बघत होतो. भेग पडली नाही. सांधा आला तशी तिनं हात सोडला, राजमतीकडून वॉकर घेतला आणि पुढचा सगळा रस्ता एकटी चालत गेली. कुणालाही जवळ येऊ दिलं नाही, मागं वळूनही बघितलं नाही. बस्तीच्या पायरीशी मात्र थांबली, आणि दोन वर्षांनी शिखराकडे न बघता सरळ आत बघून हात जोडले. राजमती रडत होती. जयाबाईपण.

तासाभरानं दर्शन करून परत निघाली. तशीच एकटी, वॉकर टेकत, ताठ. मी आमच्या दारात उभा होतो. सांध्यापाशी आली तशी पुन्हा थांबली, वॉकर बाजूला केला आणि हात पुढे केला.

म्हटलं, “आक्का, आता तरी खात्री पटली न्हवं?”

म्हणाली, “गप चल.”